समोरच्याने ओ दिली पाहिजे

पूर्वी कॉम्प्युटरमध्ये बसवायची कार्डं बरीच असायची. डिस्प्ले कार्ड बसवलं की पडद्यावर चित्र उमटायचं. साउंड कार्ड बसवलं की स्पीकरमधून विंडोजची ओळखीची धून यायची आणि गिऱ्हाईक खूश होऊन चहा सांगायचं. मोडेम बसवला तर निदान डायल टोन तरी ऐकू यायचा. लॅन कार्डाचं तसं नव्हतं. कार्ड बसलं, ड्रायव्हर पडला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं, पुढे पिवळं उद्गारचिन्ह नाही, एवढं सगळं जमलं तरी काम झालं असं म्हणायची सोय नसे. दुसऱ्या टोकाला दुसरं मशीन चालू हवं, त्यातलं कार्ड धड हवं, मधली केबल धड हवी, आणि त्या मशीनने आपल्या हाकेला ओ द्यायला हवी. तोपर्यंत चहा नाही.

सोलापुरात मी हार्डवेअरच्या कामाला लागलो ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढ्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादरी-टॉवेलचे कारखाने आणि नवी पेठेतली दुकानं यांच्याकडे एकेक कॉम्प्युटर आलेला होता. दुसरा आला की प्रश्न यायचा, ‘ह्याच्यातलं त्याच्यात दिसंल का?’ तोवर फ्लॉपीत फाइल घालून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत जायचं, हीच पद्धत. फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी. वर्षाचे हिशेब फुगले की ते दोन-तीन फ्लॉपींत तुकडे करून न्यावे लागत आणि तिसरी फ्लॉपी नेमकी खराब निघे.

या धंद्यातल्या जुन्या पद्धतीची शेवटची काही वर्षं मला बघायला मिळाली. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी काळी गोल केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी ओळीने जायची. प्रत्येक कार्डाच्या मागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड आणि ओळीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. सगळी मिळून १८५ मीटरपर्यंत केबल, तिच्यावर जास्तीत जास्त ३० मशीनं. झाडू मारणाऱ्या बाईंचा हात लागून एक जोड सैल झाला की सगळं ऑफिस बंद पडायचं आणि प्रत्येक जण आपापल्या मशीनकडे संशयाने बघायचा. दोष शोधायची रीत ठरलेली होती. ओळीच्या मधोमध केबल सोडायची, तिथे टर्मिनेटर लावायचा आणि कुठला अर्धा भाग चालतो ते बघायचं. चालत नाही त्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. मशीनं कितीही असोत, चार-पाच फेऱ्यांत दोष पकडीत यायचा. आमच्या दुकानाचे मालक म्हणायचे, ‘मशीनवर डोळे ठेवू नको, दोन मशीनच्या मधे ठेव.’

त्या काळातली कार्डं आयएसए स्लॉटची. त्यांचा आयआरक्यू आणि पत्ता हाताने ठरवावा लागे. ५ नंबर दिला तर साउंड कार्डाशी भांडण, ३ नंबर दिला तर सीरियल पोर्टशी. पीसीआय कार्डं आली आणि हे भांडण बरंचसं मिटलं. मग सोलापुरात एकाच चिपच्या कार्डांचा सुकाळ झाला. रियलटेक ८१३९. चिपवर खेकड्याची खूण. कंपन्यांची नावं आणि खोके वेगवेगळे, आत खेकडा तोच. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कोणी ना कोणी जाऊन आणायचा.

कार्ड बसवण्याची कृती छोटी आहे. वीज बंद करून वायर काढायची, कॅबिनेटचं झाकण उघडायचं, मागची रिकाम्या स्लॉटची पत्र्याची पट्टी काढायची, कार्ड सरळ दाबून बसवायचं आणि स्क्रू आवळायचा. सोलापुरात मात्र झाकण उघडल्यावर आणखी एक काम निघायचं. लूमच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसातल्या कॅबिनेटमध्ये सुताचं तूस थरावर थर साठलेलं असे. फॅनच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या पंख्याखाली, रिकाम्या स्लॉटच्या फटीत, सगळीकडे. पूर्व भागात कित्येक ठिकाणी खाली माग आणि वर घर. तिथे तर घरातल्या कॉम्प्युटरमध्येही तूसच. स्लॉटमध्ये तूस दबलेलं असताना वरून कार्ड बसवलं तर ते आज चालतं आणि आठ दिवसांनी रुसतं. म्हणून आधी ब्लोअर मारायचा, मग स्लॉट मऊ ब्रशने साफ करायचा, आणि कार्डाच्या सोनेरी कडेवरून शाळकरी पोरांचं पांढरं खोडरबर फिरवायचं. कुठल्याही पुस्तकात नसलेलं हे खोडरबर सोलापुरातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याच्या पिशवीत सापडायचं. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या शर्टातल्या माणसाने चिपला हात लावणंही धोक्याचं. त्यामुळे कार्ड धरायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची, ही सवय हाडात बसली.

मग विंडोज ९८ चा सोपस्कार. मशीन चालू केलं की ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ असा निरोप, मग ड्रायव्हरची फ्लॉपी, मग ‘विंडोजची सीडी टाका’, मग रीस्टार्ट. वर्कग्रुपचं नाव बदललं की पुन्हा रीस्टार्ट, आयपी पत्ता बदलला की आणखी एकदा. पहिल्या मशीनला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२. केबल आता आठ तारांची. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आम्ही पाढ्यासारखा पाठ केला होता. दोनच मशीनं असतील तर एका टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करून क्रॉस केबल बनवायची, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. तीन झाली की मधे हब.

खरी परीक्षा त्यानंतर. काळ्या खिडकीत पिंग लिहायचं, पुढे पत्ता. आपल्या मशीनने मारलेली ती हाक, आणि समोरून आलेलं ‘रिप्लाय’ ही ओ. आम्हाला क्रम शिकवला होता. आधी १२७.०.०.१ ला हाक मारा. ओ आली तर मशीनमधलं सॉफ्टवेअर जागं आहे. मग स्वतःच्याच पत्त्याला. मग शेजारच्या मशीनला. यात एक गोम आहे. पहिल्या दोन हाका मशीनच्या बाहेर पडतच नाहीत, कार्डाच्या पोर्टमधून तारेवर जात नाहीत. नवशिके त्या दोन ओ ऐकून ‘कार्ड चालतंय’ असं सांगून मोकळे होत. स्वतःच्या हाकेला स्वतःच ओ दिली, यात तारेबद्दल काहीच कळत नाही.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यातलं काम आठवतं. एक मशीन शेडच्या या टोकाला दिवाणजींच्या टेबलावर, दुसरं त्या टोकाला डिझाइनच्या खोलीत. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमारास केलेली ती युक्ती. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. या कारखान्यात नक्षी आता कॉम्प्युटरवर काढत होते, आणि किती चादरींची ऑर्डर आहे, कुठला रंग घ्यायचा, हे दिवाणजींच्या मशीनवर होतं. मधे लूमचा आवाज असा की शेजारच्या माणसाच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. मी डिझाइनच्या खोलीत, मदतनीस पोरगा दिवाणजींकडे. मी हाक मारतोय, ओ नाही. दारातून हात वर करून मी त्याला खुणावलं, त्याने तिकडून दोन्ही हात हलवले. मी समजलो, दिवा लागलाय. शेवटी शेड ओलांडून तोच आला.

‘काय बे, लिंकचा दिवा लागलाय का नाही?’

‘लागलाय की. पण मधेच जातोय. लूम चालू झालं की जातोय.’

मग आम्ही दोघं केबलबरोबर चालत गेलो. इलेक्ट्रिशियनने आपली सोय बघून ती मोटारींच्या जाड वायरींबरोबर एकाच पट्टीत बांधली होती, आणि एका जागी वाकवताना क्लिपने चांगलीच चेपली होती. दोन्ही कार्डं निर्दोष. केबल नवी ओढली, छताच्या कैचीवरून, विजेच्या वायरींपासून हातभर लांब. त्यानंतर लगेच ओ आली. तिथले मालक तेलुगुभाषक, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांनी बिल बघितलं आणि म्हणाले, ‘कार्ड तर चांगलं होतं म्हणता, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला.

एक कोडं तर फार सुंदर होतं. नवी दोन मशीनं, एकाच खेपेतली स्वस्त कार्डं. पहिलं एकटं चालू केलं की सर्व्हरशी व्यवस्थित बोलायचं. दुसरं एकटं चालू केलं की तेही. दोन्ही एकदम चालू केली की दोघंही अडखळत. प्रत्येक लॅन कार्डावर कारखान्यातच एक ४८ बिटांचा पत्ता कोरलेला असतो. त्याचा पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था कंपनीला देते आणि उरलेला कंपनीने प्रत्येक कार्डाला वेगळा द्यायचा, म्हणजे जगात दोन कार्डं सारखी निघू नयेत. इथे निघाली होती. सर्व्हरवर ‘एआरपी’ची, म्हणजे कुठल्या आयपी पत्त्यामागे कुठलं कार्ड आहे त्याची यादी मागवली तेव्हा दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांपुढे तोच एक आकडा दिसला. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एकाचा पत्ता हाताने बदलला आणि भांडण मिटलं. एकेकटी तपासली असती तर दोन्ही कार्डं शंभर टक्के पास झाली असती. दोष होता तो दोघं एकत्र आल्यावरच उभा राहणारा.

पुढे कामाचा पूर आला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पुढच्या वर्षी त्याचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला. गल्लोगल्ली सेंटरं निघाली. मुलं एका मशीनवर धडा शिकतात आणि त्याची नोंद सेंटरच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे लॅन कार्डाशिवाय मशीन निरुपयोगी. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला आणि एका मशीनवरच्या टॅलीने व्यापाऱ्यांचं भागेना. त्याच वर्षीच्या जानेवारीत बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड आणलं, आणि ज्या घरी एकच कॉम्प्युटर होता त्यालाही मोडेमच्या डब्याशी बोलायला लॅन कार्ड लागू लागलं.

व्हॅटच्याच दिवसांत चाटी गल्लीजवळच्या एका पेढीवर दिवाणजींचं मशीन मालकांच्या केबिनशी जोडायचं होतं. दिवाणजी साठीचे. कार्ड बसवेपर्यंत गप्प होते. केबल क्रिंप करायला घेतली तेव्हा हळूच म्हणाले, ‘म्हणजे मी इथं टाकलेलं मालकांना तिथं लगेच दिसणार का?’ मी म्हटलं, ‘दिसेल.’ ‘आणि त्यांनी तिथं बदललेलं?’ हा प्रश्न मला आवडला. चोरी पकडली जाईल ही भीती त्यात नव्हती. आपल्या सहीने जाणाऱ्या हिशेबात दुसऱ्या कोणाचा हात पडला तर जबाबदार कोण, हे ते विचारत होते. मालक वर आले तेव्हा दिवाणजींच्या देखत मी विचारलं, ‘मालक, तुम्हाला फक्त बघायचंय, का नोंदी पण करायच्यात?’ मालकांना असा काही फरक असतो हेच ठाऊक नव्हतं. थोडं बोलणं झालं. मालकांनी बघायचं, नोंदी दिवाणजींनी करायच्या, असं ठरलं. तशीच परवानगी लावून दिली. कार्डाला हे काही कळत नाही, ते आलेलं पोचवतं. काय पोचवायचं आणि काय नाही, हे दोन्ही टोकांची माणसं समोरासमोर असतानाच ठरवून घ्यावं. नाही तर महिन्याभराने ‘कॉम्प्युटरवाल्याने काहीतरी करून ठेवलंय’ असा निरोप येतो.

ओ न येण्याचीही कारणं निरनिराळी असतात. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यातली फायरवॉल आपोआप चालू होऊ लागली. त्यानंतर चांगलं चालणारं मशीनही पिंगला उत्तर देईना. पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. किती तरी कार्डं त्या काळात विनाकारण बदलली गेली असतील. पण त्याच वेळी ‘एआरपी’ची यादी मागवली तर समोरच्या कार्डाचा पत्ता तिथे हजर. म्हणजे त्याच्यापर्यंत हाक पोचली होती, तारेवरचा शेजार शाबूत होता, फक्त बोलायचं नाही असा त्याला हुकूम होता. गप्प बसलेला आणि मेलेला यांत फरक करायला मी तेव्हा शिकलो.

खरोखर मेलेली कार्डं बघायची असतील तर मे महिना. दिवसभर ४२-४३ अंशांनी भाजून निघालेल्या सोलापुरात दुपार कलल्यावर पूर्वेकडून ढग येतात, धुळीची वावटळ उठते, आणि वळवाच्या आधी विजांचा कडकडाट सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचा फोन वाजायला लागायचा. खांबावरून आलेल्या टेलिफोनच्या तारेवर विजेचा दाब चढतो, तो मोडेममध्ये शिरतो, मोडेममधून लॅन केबलने कॉम्प्युटरमध्ये. लॅनच्या पोर्टशेजारी एक छोटा काळा चौकोन असतो. त्यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. तारेवरचा संदेश चुंबकाच्या मार्गाने आत जातो, तार थेट आत जोडलेली नसते. दोन खोल्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर हा चौकोन मशीन वाचवतो. साधारण पंधराशे व्होल्टपर्यंत तो तग धरतो. आकाशातल्या विजेपुढे तो काय टिकणार.

तोवर लॅन मदरबोर्डवरच येऊ लागलं होतं. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, ‘आता अख्खा बोर्ड बदलायचा का?’ पुष्कळदा गरज नसायची. बायोसमध्ये जाऊन जळालेलं लॅन बंद करायचं आणि रिकाम्या पीसीआय स्लॉटमध्ये तीनेकशे रुपयांचं कार्ड बसवायचं. हजारोंचं काम तीनशेत. सगळ्यांना एकच सांगायचो, ढग दिसले की नुसतं बटण बंद करू नका, टेलिफोनची तार आणि लॅनची पिन दोन्ही उपसून ठेवा. आणि अर्थिंग बघा. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असायचं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसायची. मीटर लावून दाखवल्यावर लोकांना पटायचं. मग मागच्या अंगणात खड्डा, त्यात कोळसा-मीठ, आणि उन्हाळाभर त्यावर बादलीभर पाणी ओतायची जबाबदारी घरातल्या आजींवर.

आता हे सगळं पातळ झालं आहे. लॅन बोर्डवरच असतं, बऱ्याच लॅपटॉपला तेही नसतं, घरोघरी वाय-फाय आहे. काचेचा तंतू घरात आला, त्याच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवानंतरची ती फोनांची रांग आटली. साधे पीसीआय स्लॉट नव्या बोर्डांवर जवळजवळ दिसत नाहीत. कार्ड मागितलंच तर पीसीआय एक्स्प्रेसचं, नाही तर यूएसबीला लावायचं. पण जुनी कामं मधूनच डोकं वर काढतात. १०० एमबीपीएसच्या काळात आठांपैकी चारच तारा कामाच्या होत्या, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. एखादी तुटली की आम्ही उरलेल्या चारांतली वापरून वेळ मारून न्यायचो. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून आज एखादा कारखानदार तक्रार करतो की नवा स्विच, नवी मशीनं, तरी वेग शंभराच्या वर जात नाही, तेव्हा मी आधी भिंतीतली जुनी केबल बघतो. कुठल्या तरी पिनमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कोणाची तरी युक्ती सापडते.

जीएसटीचं रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आसपास हमखास फोन येतो, ‘नेट बंद आहे, लवकर या.’ मी क्रम सोडत नाही. मशीन, स्वतःचा पत्ता, राउटर, बाहेरचं जग. बऱ्याच वेळा चारही ठिकाणांहून ओ येते, फक्त देशभरची गर्दी उसळल्याने सरकारी पोर्टल उघडत नसतं. तेव्हा काहीतरी दुरुस्त केल्याचा आव आणण्यापेक्षा, तुमच्या बाजूला दोष नाही, रात्री अकरानंतर भरून बघा, एवढं सांगून यावं. नव्या पोरांना हे जड जातं. हात न लावता परत आलो तर पैसे कसे मागायचे, असं त्यांना वाटतं.

अण्णांनी तेव्हा विचारलं होतं तेच हे. कार्ड विकत होतो तोवर उत्तर सोपं होतं, कार्डाच्या किमतीत आमची मजुरी लपून जायची. आता दाखवायला वस्तूच उरलेली नाही. म्हणून मी बिलावर वस्तूच्या जागी केलेलं काम लिहितो: ‘दोन्ही टोकं व मधली केबल तपासली, दोष आढळला नाही’ किंवा ‘अमुक ठिकाणी आढळला’. खाली रक्कम. सुरुवातीला लोक हसले, मग काहींनी घासाघीस केली. हल्ली एमआयडीसीतले दोन-तीन कारखानदार तो कागद फाइलला लावून ठेवतात, आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी ‘सगळी मशीनं बदला’ म्हणाला की त्याच्यापुढे ठेवतात.